पळसाचा देह

अमरावती, ता. ४ ऑगस्ट १९१७

चि. सौ. गोदावरीस कमलाकांतचे अनेक आशीर्वाद.

पत्र लिहायला बसतो आणि उठतो, असं महिनाभर चाललं आहे. शाळेत मुलांपुढे तासन्‌तास बडबडणारा तुझा दादा चार ओळींपाशी अडतो, हे ऐकून एरवी तू हसली असतीस. तार पाहिली तेव्हापासून तिच्यातला 'बेपत्ता' हा शब्द डोक्यातून जात नाही. दवाखान्याची बोट मिसरच्या किनाऱ्याजवळ बुडाली आणि तिच्यावरचे डॉक्टर जनार्दन बेपत्ता. खाली 'बुडाले असावेत' असंही जोडलं आहे. असावेत म्हणजे काय, हे विचारायचं कोणाला? सरकार लढाईत गुंतलेलं आहे.

काल त्याची माझ्याकडची सगळी पत्रं काढून वाचली. तुझा नवरा होण्याआधी तो माझा मित्र होता, म्हणून हा हक्क मी घेतला. तुला तो तब्येतीचं लिहायचा आणि मला देवांचं. सुटी मिळाली की तिथली जुनी देवळं आणि थडगी पाहत हिंडायचा, आणि आपल्यासारखं काही दिसलं की लगेच कळवायचा. शिंगांमध्ये सूर्याचं बिंब धरलेली गोमाता तिथे आहे. कमळातून जन्मलेला देव आहे. आपला सूर्य रथात बसतो, त्यांचा नावेत. मेलेल्याचं काळीज ताजव्यात घालून पिसाशी तोलतात, आणि पक्ष्याच्या तोंडाचा एक देव शेजारी उभा राहून ते टिपून घेतो. 'आपला चित्रगुप्त इकडे बदली होऊन आलेला दिसतो,' असं त्यानं खाली लिहिलं आहे. थडग्यापाशी अन्न ठेवत, आणि मेलेल्याचा जीव पक्षी होऊन ते खायला येई. त्या पक्ष्याला तोंड मात्र माणसाचं. आपल्या पिंडाला कावळा शिवतो, तसंच हे.

हे सारं जुळवून मासिकात एक लेख द्यावा असं मनात आहे. निदान त्याचं नाव छापलं जाईल. तू थोडे दिवस इकडे ये. मी बडनेऱ्याला घ्यायला येतो.

तुझा,
दादा


अकोला, ता. १३ ऑगस्ट १९१७

ती. दादास गोदावरीचा साष्टांग नमस्कार.

पत्र पोचलं. हसू आलं नाही, पण दोनदा वाचलं. तिकडे येण्याचं मात्र विचारू नकोस. मी घर सोडलं आणि नेमकी तेव्हाच ह्यांची काही खबर आली तर?

घर आहे तसंच चाललं आहे. मामंजी पहाटे संध्या करतात, यजमानांकडे पूजा सांगून येतात, कुणी समाचाराला आलं तर 'ईश्वरेच्छा' म्हणतात आणि पंचांग उघडून बसतात. सासूबाई दुपारी एक ताट वाढून मागच्या अंगणात ठेवतात. 'त्याले भूक लागली असन,' म्हणतात. कावळे भिंतीवर येऊन बसतात, ताटाला शिवत नाहीत. मग सासूबाई माझ्या कपाळाकडे बघतात. मी कुंकू रोज लावते. पूर्वीपेक्षा जरा मोठंच लावते.

हळदीकुंकवाला मला कोणी बोलावत नाही. शास्त्रीबुवांच्या मुलानं समुद्र ओलांडला, त्याचं हे फळ, असं बायका बोलतात. मामंजींनीही ह्यांच्याशी दोन वर्षं अबोला धरला होता, ह्यांची पत्रं ते हातात घेत नव्हते, हे तुला ठाऊक आहे. आता तार आल्यावरही तो अबोला मोडलेला नाही. घरात ह्यांचा विषय निघाला की ते पंचा उचलून बाहेर जातात.

एक विचारायचं आहे. शेवटच्या पत्रात ह्यांनी मला लिहिलं होतं की त्या देशात एक देवी आहे, तिचा नवरा कोणी नदीत टाकला, आणि ती त्याला शोधत फिरली. पुढची गोष्ट दादाला विचार, एवढं लिहून सोडून दिलं. तिला तो सापडला का? सगळं लिही.

तुझी,
गोदावरी


अमरावती, ता. २२ ऑगस्ट १९१७

चि. गोदावरीस अनेक आशीर्वाद.

तू विचारलंस याचं फार बरं वाटलं. मन अशा गोष्टींत गुंतवावं.

देवीचं नाव आयसिस. नवरा ओसायरिस, मिसरचा राजा. त्याच्या भावानं दगा करून त्याला पेटीत कोंडलं आणि नाईल नदीत सोडलं. आयसिस देशोदेशी हिंडली आणि तिनं ती पेटी मिळवली. भावाला कळलं, तेव्हा त्यानं देहाचे तुकडे करून देशभर फेकले. तरी ती हटली नाही. लव्हाळ्याची नाव करून ती दलदलीतून फिरली. बरोबर तिची बहीण होती. दोघी घारी होऊन आकाशातून आक्रोश करीत, असंही सांगतात. एकेक तुकडा तिनं वेचला. एक मिळालाच नाही, तो तिनं स्वतः घडवला आणि जागच्या जागी बसवला. मग सगळा देह कापडात बांधला, मंत्र म्हटले, पंखांनी वारा घातला, आणि त्यानं श्वास घेतला.

आपल्या सावित्रीची आठवण होते की नाही? लेखात मी दोघींना शेजारी ठेवणार आहे. आणखी एक मौज जनार्दननं कळवली होती. त्या देवाच्या सणाला लोक माती आणि जव कालवून पुरुषाचा आकार करीत आणि त्याला पाणी घालीत. काही दिवसांनी त्याच्या अंगातून हिरवे कोंब येत. आपण नवरात्रात घटाभोवती धान्य पेरतो, तसंच थोडंसं.

आणखी काही हवं असलं तर विचार.

तुझा,
दादा


अकोला, ता. २९ सप्टेंबर १९१७

रा. रा. कमलाकांत मास्तर यांस चिंतामणशास्त्री यांचे आशीर्वाद. वि. वि.

मी आजवर आपणास पत्र लिहिले नाही. आज लिहिणे भाग आहे.

अकोटचा गयासुद्दीन नावाचा मनुष्य परवा आमच्या ओट्यावर येऊन बसला. त्याच दवाखान्यात तो जखमींच्या डोल्या उचलण्याच्या कामावर होता. पोहता येत होते म्हणून वाचला. त्याचे बोलणे जसेच्या तसे लिहितो. "महाराज, मले खोटं बोलता येत नाई. डाक्टरसाब खाली होते, पट्टीवाल्या मानसाईजवळ. म्या हाका मारल्या. ते म्हने, तू चाल, मी येऊनच राहिलो. मंग पानी आलं. खालून कोनीच वर आलं नाई." उठताना म्हणाला, "त्याईच्या नावानं म्या फातेहा पढलो. तुमच्यात चालते का नाई, मले मालूम नाई. माफ करजा." पाण्याचा तांब्या मी स्वतः भरून त्याच्यापुढे ठेवला.

माझ्या मते यानंतर संशय उरत नाही. देह हाती नसेल तर पळसाच्या काड्यांचा देह करावा, जवाच्या पिठाने लिंपावा आणि त्यास अग्नी द्यावा, असे शास्त्र आहे. तोवर गेलेला ना इकडचा, ना तिकडचा. पितृपक्ष दोन दिवसांवर आला. त्याच्या वाट्याचे अन्न मी कोणत्या नात्याने ठेवू?

सूनबाई म्हणते, बेपत्ता माणसाची बारा वर्षे वाट पाहावी हेही शास्त्रच आहे. तिचे म्हणणे खरे आहे. मी गयासुद्दीनची साक्ष काढली. ती म्हणाली, त्याने वर येताना पाहिले नाही, बुडताना तरी कुठे पाहिले? मग तिने मला कोणा परदेशी देवीचा दाखला दिला, जिने नवऱ्याचे तुकडे जुळवून त्याला उठवले. ही गोष्ट तिला आपण सांगितलीत असे कळते.

तिच्यावाचून मी हे करू शकत नाही. पुत्र नसेल तर पहिला अधिकार पत्नीचा, बापाचा त्यामागून. लोक तसे पाळत नाहीत. परंतु मी लोकांच्या घरी शास्त्र सांगण्यात जन्म घालवला, ते स्वतःच्या घरी मोडणार नाही. तिने दर्भ हाती घेतला पाहिजे. मुलाची आई खंगत चालली आहे आणि मुलाला गती मिळालेली पाहून मगच डोळे मिटावे, एवढीच तिची इच्छा आहे. ती गोष्ट आपण शेवटपर्यंत सांगितली असेल तर माझे काही म्हणणे नाही. नसेल तर सांगावी.

कळावे.
चिंतामणशास्त्री


अमरावती, ता. ६ ऑक्टोबर १९१७

चि. सौ. गोदावरीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या सासऱ्यांचं पत्र आलं. त्यांनी एका वाक्यात मला पकडलं. गोष्ट पुरी सांगितली नव्हती. तुला बरं वाटावं म्हणून 'त्यानं श्वास घेतला' इथेच थांबलो.

आयसिसला नवरा परत मिळाला नाही, गोदे. त्यानं श्वास घेतला तो थोडक्यासाठी. मग तो पैलतीरी गेला आणि मेलेल्यांचा राजा झाला. ती इकडेच राहिली. त्या देशातली प्रत्येक बाई नवरा गेला की तिचं नाव घेऊन रडत असे.

गयासुद्दीन खोटं कशाला बोलेल? मलाही आता आशा वाटत नाही. तुला कशाची भीती वाटते ते मी ओळखतो. केशवपनाचं कुणी नुसतं सुचवलं तरी मी येऊन तुला उचलून आणीन, मग शास्त्रीबुवांना काय वाटायचं ते वाटो. इथे मुलींच्या शाळेला मास्तरीण हवी आहे. तू शिकलेली आहेस. तेव्हा भिऊ नकोस. ते सांगतात ते होऊ दे आणि इकडे ये.

तुझा,
दादा


अकोला, ता. १७ ऑक्टोबर १९१७

ती. दादास साष्टांग नमस्कार.

आयसिसची गोष्ट सांगितलीस त्या पत्रावर माझ्या नावामागे 'सौ.' नव्हतं. ते मी चुलीपाशी वाचलं आणि कितीतरी वेळ पुढची ओळ दिसेना. आता ह्यांना पोचवून मोकळी हो म्हणतोस, त्या पत्रावर 'सौ.' आहे. दादा, तुझंच अजून ठरलेलं नाही आणि तू मला ठरवायला सांगतोस.

मी केसांसाठी अडून बसले आहे असं तुला वाटलं. केस पुन्हा येतात. मामंजींनी तर त्याचा शब्दही काढलेला नाही.

तू साम्यं शोधतोस म्हणून तुलाच विचारते. त्या बाईनं नवरा जुळवला तो ठेवण्यासाठी. तिथले देह कापडात गुंडाळून हजारो वर्षं राखलेले आहेत, असं तूच मागे सांगितलं होतंस. आपण जुळवायचा तो जाळण्यासाठी. मग सारखं काय राहिलं? ह्यांचं नखसुद्धा परत आलं नाही. आणि आता मी माझ्या हातानं काड्यांचे हे करायचे, आणि त्यांना पुन्हा एकदा घालवायचं?

सर्वपित्रीला मामंजींनी सगळ्या पितरांना पान ठेवलं. ह्यांचं ठेवता आलं नाही. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात बसून राहिल्या. मला त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

आणि तुझा लेख. हे तिथे औषधपाणी करायला गेले होते. असा माणूस सुटीच्या दिवशी उन्हातान्हात थडगी कशाला पाहत हिंडतो, असं तुला कधी वाटलं नाही? जिथे पितरांना अन्न देतात आणि सूर्याला हात जोडतात, तो देश अगदीच म्लेच्छांचा नाही, हे त्यांना एका माणसाला पटवायचं होतं. तो माणूस पत्र घेत नव्हता, म्हणून ते तुला लिहीत होते. तुला वाटलं, मासिकासाठी. ती सगळी पत्रं मला पाठव. मूळची पाठव, नक्कल नको.

तुझी,
गोदावरी


अमरावती, ता. २५ ऑक्टोबर १९१७

गोदावरीस आशीर्वाद.

पत्रं पाठवतो आहे. माझ्या ओळखीचे उत्तमराव अकोल्याला निघाले आहेत, त्यांच्या हाती देतो. डाकेवर माझा भरवसा नाही.

प्रत्येक पत्राच्या शेवटी 'शास्त्रीबुवांच्या कानावर घालता आलं तर पाहा' असं आहे. मी ते आपलं शिष्टाचाराचं वाक्य समजत आलो. तुझं खरं आहे. लेख बाजूला ठेवला.

तुझ्या नावामागे काय लिहावं ते तू सांगेपर्यंत काही लिहिणार नाही.

दादा


अकोला, ता. १२ डिसेंबर १९१७

ती. दादास साष्टांग नमस्कार.

दीड महिना पत्र नाही म्हणून तू काळजीत असशील. सगळं सविस्तर लिहिते.

पत्रं मिळाल्यावर मी रोज दिवेलागणीला ओसरीवर बसून एकेक पत्र मोठ्यानं वाचायला लागले. मामंजींना विचारलं नाही. पहिल्या दिवशी ते उठून आत गेले. दुसऱ्या दिवशी दाराशी थांबले. पुढे माळ घेऊन समोर बसायला लागले, पण माळेचा मणी सरकत नसे. चित्रगुप्ताच्या बदलीचं वाचलं तेव्हा हसले, आणि हसता हसता पंच्यानं तोंड झाकून घेतलं. काळीज तोलण्याचं वाचलं तेव्हा म्हणाले, "बापाचंही तोलत असतील." मी पुढचं वाचत राहिले. थांबले असते तर दोघांनाही जड गेलं असतं.

एका पत्रात होतं की तिथले लोक मेलेल्याचं नाव दगडात खोदून ठेवत, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विनवत, की बाबा, हे एकदा मोठ्यानं म्हणून जा, म्हणजे हा जगेल. आपल्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, कशासाठी, तर त्याला आयुष्य मिळावं. ते त्याच कारणासाठी नाव घेत. हे वाचल्यावर मामंजींनी माळ खाली ठेवली. मग म्हणाले, "हे मला लिहिलं होतं का त्यानं?" मी म्हटलं, सगळंच तुम्हाला लिहिलं होतं.

मला तेव्हा माझंच मन कळलं, दादा. बारा वर्षं थांबायचं हे खरं कारण नव्हतं. गयासुद्दीन ओट्यावर बोलत होता तेव्हाच दाराआड मी सगळं समजून चुकले होते. पण ज्या बापानं दोन वर्षं तोंड फिरवलं, त्यानं अबोला न मोडता ह्यांना अग्नी द्यावा, हे मला सोसवत नव्हतं. म्हणून अडून बसले होते. शेवटचं पत्र वाचून झालं आणि मीच म्हटलं, "करू या. पण जुळवणार मी." मामंजी म्हणाले, "अधिकार तुझाच आहे."

पातूरकडून पळस आणवला. विधी सांगायला तिकडचेच एक भटजी आले. मोर्णा नदीकाठच्या स्मशानात बायका जात नाहीत, मी गेले. मामंजी बरोबर होते, म्हणून कोणी अडवलं नाही. गयासुद्दीनला कुणी कळवलं कोण जाणे, तो पलीकडच्या काठावर उभा होता.

भटजींनी दर्भावर काड्या मांडल्या. डोक्याला नारळ, मग मान, छाती, हात, पाय. जवाचं पीठ मी मळलं. लिंपायला घेतलं आणि हात थांबला. ते कोणाचंही अंग होतं. ह्यांचं नव्हतं. ह्यांचा डावा खांदा उतरलेला होता, लहानपणी झाडावरून पडले त्याचा. मी त्या बाजूच्या काड्या खाली सरकवल्या. भटजी म्हणाले, "असं चालत नाही." मामंजी म्हणाले, "चालतं." मग मी उजव्या पायाची दोन बोटं जोडून घेतली, तशीच होती ती. कानामागे हाड वर आलेलं होतं, तिथे पीठ जास्त लावलं. पाठीवर एक वण होता. पाठ खाली होती, ती कोणाला दिसणार नव्हती, तरी आकृती जरा उचलून तिथे बोटानं रेघ ओढली. मामंजी बघत होते. म्हणाले, "हे मला ठाऊक नव्हतं." मग स्वतः पुढे होऊन त्यांनी हनुवटीला बोटानं खळगा पाडला. तो मी विसरले होते.

अंग पुरं झालं, आणि मला वाटलं ते ठेवून घ्यावं. घरी न्यावं, माजघरात कापडाखाली ठेवावं. तू सांगितलेल्या त्या लोकांना मी कधी हसणार नाही.

दर्भ माझ्या हातात होता. भटजींनी संकल्प सांगितला, गोत्र म्हटलं आणि नावाशी थांबून मामंजींकडे पाहिलं. मामंजींनी तोंड उघडलं. ओठ हलले, आवाज निघेना. ज्या दिवशी हे बोटीत बसले त्या दिवसापासून ते नाव त्यांनी उच्चारलं नव्हतं. ते रागानं मुके, आणि मी रीतीनं मुकी. भटजी थांबलेले, पाणी वाहतं आहे, आणि आमच्या घरात त्यांचं नाव घ्यायला माणूस नाही. मग मी घेतलं. एवढ्या वर्षांच्या संसारात उखाण्याबाहेर पहिल्यांदा. जनार्दन. भटजींना ऐकू गेलं नसावं, म्हणून पुन्हा मोठ्यानं घेतलं. आणि मामंजीही म्हणायला लागले, जनार्दन, जनू, जनू.

अग्नी आम्ही दोघांनी मिळून दिला. पळस लवकर जळतो.

कुंकू मी नदीवर स्वतः धुतलं. तीन दिवसांचं सुतक परवा फिटलं. अमरावतीला यायचं की नाही ते नंतर बघू, सासूबाईंना सोडून आत्ता निघवत नाही. माझ्या नावामागे तुला जे लिहायचं ते लिही, माझी आता काही तक्रार नाही.

त्या दिवशी आम्ही परत आलो तेव्हा सासूबाई अंथरुणावर उठून बसल्या होत्या. मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "नाव कोनं घेतलं त्याचं?" मी म्हटलं, मी घेतलं. त्यांनी माझा हात धरला. हाताला पीठ लागलेलं होतं.

"मंग?" त्या म्हणाल्या. "ओ देल्ली का त्यानं?"

तुझी,
गोदावरी